डावीकडचा माऊस

“बाईंचं तेवढं राहू द्या की साहेब,” शिपाई म्हणाला. नव्या यंत्राचं खोकं दोन्ही हातांवर पेलून त्याला दम लागला होता, तरी म्हणाला. “त्यांचं चाललंय ते बरं चाललंय.”

“सगळ्यांचं बरंच चाललं होतं,” नवे साहेब म्हणाले. “ठेव ते तिथं आणि जा.”

नवे साहेब म्हणजे काही नवे नव्हते. यंत्रविभागाच्या खुर्चीत बसून त्यांचे केस पिकले होते, बसायची गादी दोनदा फाटून दोनदा शिवून झाली होती. पण त्यांच्या आधी त्या खुर्चीत जे बसत ते नुसते ‘साहेब’ होते, म्हणून हे ‘नवे साहेब’. निवृत्त होऊन गेलेल्या माणसाने जाताना शब्दही बरोबर नेला, आणि यांच्या वाट्याला विशेषण आलं. म्हणून मनातल्या मनात नवे साहेब त्या आधीच्या साहेबांना ‘चष्मेवाला’ म्हणत. एकेरीत. तेवढंच समाधान.

कचेरी किनाऱ्यांचे आणि बंदरांचे नकाशे करणारी. समुद्रात कुठे किती पाणी, खडक कुठे, वाळूचा दांडा कुठे, हे सगळं आकड्यांनी भरून नकाशे छपाईला पाठवायचे. आकडे भरणाऱ्यांत सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात चोख म्हणून ज्यांचं नाव होतं, त्या बाई म्हणजे नव्या साहेबांची बायको. कचेरीत ती नवऱ्याला इतरांसारखंच ‘साहेब’ म्हणायची, घरी ‘अहो’. गंमत म्हणजे ती नुसतं ‘साहेब’ म्हणाली की क्षणभर नव्या साहेबांना कळत नसे, आपल्याबद्दल बोलतेय की त्याच्याबद्दल.

आता हा चष्मेवाला इतका डोक्यात का बसला होता, ते सांगायला हवं. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या उघडतात, एकीत नकाशा, दुसरीत आकडे, तिसरीत घड्याळ. त्या सगळ्यांना शिस्तीत बसवणारा एक कार्यक्रम असतो, विंडो मॅनेजर म्हणतात त्याला. कुठली खिडकी कुठे उघडायची, तिची चौकट केवढी, आणि मुख्य म्हणजे टाइप केलेली अक्षरं कुठल्या खिडकीत जाऊन पडायची, हे तो बघतो. कचेरीतल्या जुन्या युनिक्स यंत्रांवरचा मॅनेजर दिसायला अगदी रुक्ष होता. राखाडी चौकटी, ठोकळ्यासारखी बटणं, शोभेचं म्हणून काही नाही. पण गुणी. एका साध्या फाईलीत ओळी लिहून त्याला जे सांगाल ते तो निमूटपणे करायचा. आणि चष्मेवाल्याने कचेरीतल्या एकेका माणसासाठी तो वेगवेगळा बेतून दिला होता, शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा तसा.

तो गेल्यावर हळूहळू बाकीच्यांची यंत्रं बदलली, मापंही गेली. लोक मात्र म्हणायचे थांबले नाहीत. “साहेबांच्या वेळी हे असं नव्हतं हो.” छपाईयंत्र अडकलं तरी तेच, दिवे गेले तरी तेच. जणू चष्मेवाला असता तर वीज गेली नसती. नवे साहेब हसण्यावारी न्यायचे आणि आतून चरफडायचे. आणि बायको? ती तसं कधी म्हणाली नाही. पण तिचं यंत्र बदलायची वेळ आली की दरवेळी म्हणायची, “माझं शेवटी करा.” तसं म्हणण्यापेक्षा हे जास्त झोंबायचं.

एक काटा त्याहून जुना होता. चष्मेवाल्याच्या निरोप समारंभात बायको बोलायला उभी राहिली होती. घरी चार पाहुण्यांत तोंड न उघडणारी बाई, भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, “साहेबांनी माझा हात वाचवला.” पुढे बोलवेना, डोळे भरून आले, खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या साहेबांनीही वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून. हात वाचवला म्हणजे काय, हे त्यांनी घरी गेल्यावर विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला काय वाटतंय ते तिला कळलं असतं.

तर त्या शनिवारी दुपारी, कचेरी रिकामी झाल्यावर, नवे साहेब पहिल्यांदाच बायकोच्या खुर्चीत बसले. सवयीने उजवा हात माऊसकडे गेला आणि टेबलावर आपटला. माऊस डावीकडे होता. हे त्यांनी जाता येता शंभरदा पाहिलं असेल, पण तिची एक तऱ्हा म्हणून सोडून दिलं होतं. आता डाव्या हाताने धरायला गेले तर पडद्यावरचा बाण भलतीकडेच धावायला लागला. नुसता एका खिडकीवर घसरला आणि ते टाइप करत होते ती अक्षरं त्या खिडकीत जाऊन पडली. क्लिक करायची गरजच नाही. बाण जिथे, तिथे लिहिणं. पडद्याच्या रिकाम्या जागेवर बाण नेऊन माऊस दाबला तर हाताखालीच यादी उघडली, आणि यादीत तिच्या दिवसभराच्या कामांचा क्रम होता. पहिलं काम पहिलं, शेवटचं शेवटी. घड्याळ वरच्या डाव्या कोपऱ्यात. आकड्यांची खिडकी डावीकडे, नकाशाची मधे, उजवीकडे काहीच नाही, नुसता राखाडी पडदा.

कुठेतरी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चपला घालून उभं राहावं तसं नव्या साहेबांना झालं. बायको रोज आठ तास इथे राहते. आणि हे घर चष्मेवाल्याने लावलंय. तिचा कुठला हात केव्हा कुठे जातो हे त्याला ठाऊक होतं, आणि आपल्याला ती चहात साखर किती घेते एवढं ठाऊक आहे, तेही हल्ली तिने कमी केल्याचं परवा कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

वरून आदेश स्पष्ट होता. नवं यंत्र, नवा रंगीत पडदा, सगळ्यांना सारखा. मात्र प्रत्येकाच्या जुन्या मांडणीची प्रत काढून ठेवावी. नव्या साहेबांनी बायकोचे नकाशे काळजीने नव्या यंत्रावर नेले. आकडे नेले. ती मांडणीची फाईल तेवढी नेली नाही. प्रतही काढली नाही. मग जुन्या यंत्राला पुसून टाकायचा हुकूम दिला. ही जुनी यंत्रं ‘नक्की ना?’ असं विचारत नाहीत. सांगितलं की करतात. विचारलं असतं तर कदाचित नव्या साहेबांनी नाही म्हटलं असतं, असं त्यांनाच नंतर वाटलं.

सोमवारी बायकोने पडदा बघितला. निळंशार आकाश, गोल गोल बटणं. माऊस उजवीकडे.

“उडालं का सगळं?” तिने विचारलं.

“उडालं,” नवे साहेब म्हणाले. “नव्यात तसं होत नाही.”

“असू दे,” ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि मग चार दिवसांतच ते घडलं. दोन खाड्यांचे नकाशे तिच्यासमोर शेजारी शेजारी उघडे होते. एक खाडी खोल, मोठ्या जहाजांची. दुसरी उथळ, होड्यांची. तिने सवयीप्रमाणे बाण उजव्या खिडकीवर नेला, नजर मोजणीच्या कागदावर, आणि आकडे भरत गेली. पण नव्या पडद्याला क्लिक केल्याशिवाय काही कळत नाही. सगळे आकडे डाव्या खिडकीत पडले. खोल खाडीचं पाणी उथळ खाडीत जाऊन बसलं. त्या नकाशावर भरवसा ठेवून एखादं जहाज आत शिरलं असतं तर वाळूत रुतलंच असतं.

तपासनीस म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना चूक सापडली की भूक लागायची. ते तो कागद घेऊन सगळ्यांच्या टेबलांमधून चालत आले.

“बाई, हे तुमचं?” त्यांनी लाल वर्तुळ पुढे धरलं. “मला वाटलं दुसऱ्या कुणाचं असेल. तुमचं म्हणजे... विश्वासच बसेना.”

“माझंच आहे,” ती उभी राहून म्हणाली. “लगेच दुरुस्त करते.”

“होतं हो, वयोमानाप्रमाणे,” तपासनीस म्हणाले आणि समाधानाने परत गेले.

नवे साहेब दाराशी उभे होते. बायकोने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने कागद टेबलावर सरळ केला, चष्मा पुसला आणि बसली. सबंध नोकरीत तिच्या कामावर लाल शाई पडली नव्हती. सगळ्या खोलीला हे ठाऊक होतं, आणि सगळी खोली आपापल्या पडद्याकडे बघत होती.

रविवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. नवे साहेब वर्तमानपत्राच्या आडून बघत होते, म्हणजे हल्ली ते बघत होते. तिने चादर डाव्या हाताने दोरीवर फेकली, पलीकडून डाव्याच हाताने ओढली. उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. एकदा गेला, तेव्हा ती मधेच थांबली, ओठ घट्ट मिटले आणि दोरीला धरून उभी राहिली.

“काय झालं गं?”

“काही नाही. खांदा.”

“खांद्याला काय झालं?”

“नेहमीचंच. आठवडाभर जरा जास्त आहे. उजव्या हाताने टिचटिच करावं लागतं ना.”

“नेहमीचं म्हणजे? कधीपासून?”

“आईंना उचलायचे तेव्हापासून.”

नव्या साहेबांची आई अखेरचं सबंध वर्ष अंथरुणाला खिळून होती. तिला उठवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, सगळं बायकोनेच केलं होतं. आई जाऊन किती काळ लोटला होता.

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं की,” ती चादरीची घडी मोडत सहज म्हणाली. “तुम्ही बाम आणून दिलात.”

नवे साहेब वर्तमानपत्राकडे बघत राहिले. खरंच आणून दिला होता. मोठी बाटली होती.

“आणि त्यांना सांगितलंस?”

“कुणाला? साहेबांना?” तिला नवल वाटलं. “त्यांना कोण सांगायला गेलंय. एक दिवस आपणहून आले, माऊस डावीकडे ठेवला, म्हणाले, बाई, असं करून बघा. मग रोज थोडं थोडं बदलत गेले. क्लिक करायला लागू नये म्हणून. हात उचलायला लागू नये म्हणून.” तिने चिमटा लावला. “मी आजवर विचारलं नाही त्यांना कसं कळलं ते.”

त्याच संध्याकाळी नवे साहेब चष्मेवाल्याच्या दारात उभे राहिले. का आलो ते त्यांना धड सांगता आलं नसतं. फाईल मागायला, की भांडायला.

चष्मेवाल्याने दार उघडलं. चष्मा आता आणखी जाड झाला होता आणि तरी त्याला पाहुण्याच्या तोंडाजवळ तोंड आणून बघावं लागलं. “अरे, तुम्ही! या, या. खुर्चीवरची मांजर उठवा, मला दिसत नाही ती कुठे असते.” टेबलावर यंत्र नव्हतंच. “डोळे गेल्यावर काय करायचंय,” तो म्हणाला, “भाच्याला देऊन टाकलं.”

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग नव्या साहेबांनी खडा टाकला. “बाईंची ती मांडणी होती ना, ती तुमच्याकडे असेल कुठे?”

“माझ्याकडे? नाही हो. दुसऱ्यांच्या वस्तू मी कशाला घरी आणू. पण तुम्ही प्रत काढली असेल की.”

नवे साहेब मांजरीकडे बघू लागले. चष्मेवाल्याने कप हळूच बाजूला सरकवला, जणू दोघांच्या मधे तो अडचण करत होता.

“बरं,” तो म्हणाला. “मग नव्याने करावी लागेल. जुना मॅनेजर नव्या यंत्रावरही बसतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हं, घ्या लिहून. घड्याळ वरच्या डाव्या...” आणि थांबला. “नको. मी सांगितलं तर ते माझंच होईल. तुम्ही तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. बघत राहा. हात कुठे अडतो ते बघा. मीही तेच केलं.”

माझी बायको, आणि हा मला सांगतोय तिच्याकडे बघत बसा म्हणून!

“तुम्हाला एवढं बघायची काय गरज होती?”

प्रश्न विचारून झाल्यावर त्यांना स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. चष्मेवाला रागावला नाही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. चष्म्याशिवाय तो अगदी वेगळा, पोरका दिसत होता.

“सगळ्यांचंच बघायचो मी,” तो म्हणाला. “कामच होतं ते. शिपायाला जिने चढवत नाहीत हेही मीच वरच्यांना सांगितलं होतं.” मग म्हणाला, “बाईंचं थोडं जास्त बघितलं असेल. आता काय करू त्याला? तिला कधी कळू दिलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.”

मांजर परत खुर्चीवर येऊन बसली. नव्या साहेबांना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण उठून काहीतरी करू, निदान दार आपटून जाऊ. पण समोरच्या माणसाला आपलं तोंडही नीट दिसत नव्हतं. आणि त्याने जे जास्तीचं बघितलं होतं, त्यातून त्याला काय मिळालं होतं? एका राखाडी पडद्याची मांडणी. तीही आपण पुसून टाकली.

“येतो,” ते म्हणाले. दाराशी थांबून म्हणाले, “येतो साहेब.” बसथांब्यापर्यंत ते स्वतःवर चरफडत गेले. त्या माणसाचा मत्सर करायलाही आता धड जागा उरली नव्हती, आणि मत्सर तर जात नव्हता.

सोमवारी त्यांनी बायकोच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली.

“हे काय?” ती दचकली. “सगळे बघतायत.”

“बघू दे. तू काम कर.”

“तुम्ही असं शेजारी बसल्यावर मला कसं सुचेल?”

“मी नाहीये असं समज.”

“ते काही अवघड नाही,” ती पुटपुटली आणि कामाला लागली.

शिपाई दोनदा पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने डोकावून गेला. तपासनीस खोकून गेले. नवे साहेब बसून राहिले. पहिल्या दिवशी त्यांना काहीच दिसलं नाही, नुसती बायको दिसली. दुसऱ्या दिवशी दिसलं की यादी उघडायला ती उजवा हात उचलते, त्याआधी एक बारीक श्वास घेते. मग दिसलं की वेळ बघायला ती मान नेहमी डावीकडे वर करते, जिथे आता नुसतं निळं आकाश होतं. मग दिसलं की दुपारनंतर ती उजवं कोपर पोटाशी धरून बसते. हे सगळं तिच्या अंगावर उघडं लिहिलेलं होतं आणि एकाच घरात राहून त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती बसमध्ये डुलक्या घ्यायची, आणि ते खिडकीबाहेर बघत दिवसभरात काय दिसलं ते मनात घोळवायचे.

मग त्यांनी जुना मॅनेजर तिच्या यंत्रावर बसवला. वरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हणाले. रोज थोड्या ओळी लिहायच्या, ती घरी निघायच्या आत बदलायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी बसायचं. माऊस डावीकडे गेला. बाण जिथे, तिथे लिहिणं. यादी हाताखाली आली, कामांच्या क्रमाने. आकडे डावीकडे, नकाशा मधे, उजवी बाजू मोकळी, कारण तिकडे हात न्यायला लागता कामा नये. घड्याळ ठेवायचं कुठे, तर ती बघते तिथेच, वरच्या डाव्या कोपऱ्यात.

घड्याळ तिथे ठेवलं आणि नवे साहेब मागे रेलून पडद्याकडे बघत बसले. पडदा ओळखीचा होता. त्या शनिवारी पुसला होता तो हाच. काडीचा फरक नव्हता. स्वतः बघून, स्वतः ओळ अन् ओळ लिहून त्यांच्या हातून चष्मेवाल्याचंच घर पुन्हा उभं राहिलं होतं. या बाईकडे नीट बघितलं तर दुसरं काही होणारच नव्हतं.

मग हट्टाने त्यांनी आपलं असं एक घातलं. दर थोड्या वेळाने मधोमध एक छोटी खिडकी उघडायची आणि तिच्यात लिहिलेलं असायचं, ‘हात खाली ठेव, जरा थांब.’ त्याला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको येऊन बसली. डावा हात माऊसवर गेला. बाण एका खिडकीवरून दुसरीवर सरकला, आकडे भरभर पडू लागले, बरोबर त्याच खिडकीत. तिने मान डावीकडे वर करून वेळ बघितली आणि हात थांबला.

“अगदी पूर्वीसारखं झालंय,” ती म्हणाली.

नव्या साहेबांना ते शब्द शाबासकीसारखेही लागले आणि थोबाडीत मारल्यासारखेही.

“उडालं नव्हतं ते,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मी उडवलं होतं.”

“माहितीये,” ती पडद्याकडेच बघत म्हणाली. “यंत्रं आपणहून काही उडवत नाहीत. तुम्हीच सांगायचात ना घरी.”

तेवढ्यात मधोमध ती छोटी खिडकी उघडली. ऐन आकड्यावर.

“हे काय मधेच कडमडतंय?” ती वैतागली. “काढा बाई हे आधी. सगळी तंद्री मोडते.”

नव्या साहेबांनी वाकून त्या खिडकीच्या ओळी काढून टाकल्या. त्यांच्या स्वतःच्या अशा दोनच ओळी होत्या, दोन्ही गेल्या.

संध्याकाळी कचेरी सुटली. बायकोने टेबल आवरलं, डबा, छत्री, घरी वाचायचे कागद, सगळं पिशवीत कोंबलं आणि पिशवी उचलून उजव्या खांद्याला अडकवली, रोजच्यासारखी. नवे साहेब मागे उभे होते. त्यांनी पट्टा धरला.

“दे इकडे.”

“अहो, असू द्या. लोक बघतायत.”

“दे.”

तिने खांदा खाली केला, पट्टा सोडला. पिशवी चांगलीच जड होती. इतकं वजन ती रोज त्या खांद्यावरून नेत होती, आणि जिन्यात, बसथांब्यावर, रस्त्यात, तिच्या शेजारून ते रोज मोकळ्या हाताने चालत होते. ती दोन पायऱ्या पुढे गेली, उजवा हात तिने जरा झटकला, मोकळा सोडला. नवे साहेब पिशवी घेऊन मागून उतरत होते. त्यांना वाटलं, हे तेवढं चष्मेवाल्याला करता आलं नव्हतं. मग त्यांना असंही वाटलं की त्याला हे वजन सगळ्यात आधी दिसलं असेल, आणि रोज या जिन्यापर्यंत येऊन तो थांबला असेल.